अनुस्वाराचा ठिपका : मोठा मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा इतिहास



या मालिकेत आपण घरातल्या, टेबलावरच्या वस्तूंचा इतिहास बघतो. आजच्या भागाचा प्रश्न तुमच्याकडूनच आला आणि एकदा नाही, अनेकदा आला. "बत्तीस इंची फोर-के मॉनिटर घ्यायचा आहे. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" तुम्ही म्हणाल, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा, इतिहास सांगणाऱ्याला कशाला? तर मी हा प्रश्न दुकानदारालाच विचारला होता. त्यात माझे पैसे गेले, दोन महिने गेले आणि मग उत्तर सापडलं ते इतिहासात. म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो, मग इतिहास, आणि शेवटी कार्ड कसं निवडायचं ते.

हरवलेला ठिपका

मी वडोदऱ्यात राहतो. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा. २०१२ साली आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो. त्यांची पत्नी वर्षभरापूर्वी वारली होती. तिने माहेरी लिहिलेली पत्रं त्यांनी गोळा केली होती आणि त्यांचं छोटं पुस्तक करायचं होतं. फक्त ३०० प्रती, नातेवाइकांना द्यायला.

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. मी तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना माहीत आहे, या बदलात अधूनमधून एखादी मात्रा, एखादा रफार गळतो. कागदावरचं प्रूफ मी आधीच वाचलं होतं. शेवटच्या दुरुस्त्या तेवढ्या पडद्यावर तपासल्या. माझा मॉनिटर सतरा इंची, १२८० बाय १०२४ पिक्सेलचा. दोन पानं समोरासमोर लावून बघितली, सगळं ठीक वाटलं, फाइल छापखान्यात गेली.

पुस्तकं बांधून आली. नानांनी पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. अर्पणपत्रिकेत 'मंदाकिनी'च्या जागी 'मदाकिनी' छापलं होतं. म वरचा अनुस्वार गेला होता.

मी म्हटलं, "नाना, पहिला फॉर्म माझ्या खर्चाने पुन्हा छापून देतो."

ते म्हणाले, "राहू दे रे. बांधलेली पुस्तकं आता फाडायची नाहीत." आणि पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी बसून त्यांनी ३०० प्रतींमध्ये काळ्या पेनाने स्वतः तो ठिपका दिला.

त्यानंतर मी ठरवलं की मोठा मॉनिटर घ्यायचा. दोन पानं पूर्ण दिसतील आणि अनुस्वारही दिसेल असा. पैसे साठायला तीन वर्षं लागली.

नवा मॉनिटर, नवं कार्ड आणि तरीही

२०१५ साली बत्तीस इंची फोर-के मॉनिटर घरी आला. ३८४० बाय २१६० पिक्सेल. जुन्या संगणकाला जोडला आणि अक्षरं बघून खरंच आनंद झाला. पण माउस हलवला की बाण अडखळत, उड्या मारत जायचा. पान वर सरकवलं की ओळी थरथरायच्या. तासाभरात डोकं धरायला लागलं.

दुकानात गेलो. मालक म्हणाले, "काका, एवढ्या मोठ्या पडद्याला दमदार कार्ड लागणारच." त्यांनी दोन पंख्यांचं, ४ जीबी मेमरीचं कार्ड दिलं. मॉनिटरच्या निम्म्याहून जास्त किंमत होती. घरी येऊन बसवलं, जुनीच केबल लावली. माउस तसाच अडखळत होता.

सेटिंगमध्ये शोधलं तर लिहिलेलं होतं, ३० हर्ट्झ. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलत होतं. तिथे ६० निवडायची सोय होती, ती निवडली. माउस सुरळीत झाला, पण आता अक्षरांच्या कडा रंगीत आणि धुरकट दिसायला लागल्या. मी प्रूफ तपासताना लाल रंगात खुणा करतो. त्या खुणा तर वाचताच येईनात. म्हणजे ज्या ठिपक्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच पुन्हा पुसट झाला.

हे का झालं, हे समजून घ्यायला आपल्याला १९८१ सालात जावं लागेल.

२००० घरांचा पडदा

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याला दोनपैकी एक डिस्प्ले कार्ड घेता यायचं. पहिलं, एमडीए. हे ऑफिसच्या कामासाठी. त्यावर चित्र काढताच येत नसे, फक्त अक्षरं. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घरासाठी दोन बाइट, एक अक्षर कुठलं ते सांगणारा आणि दुसरा ते ठळक की अधोरेखित ते सांगणारा. म्हणजे ४००० बाइट. कार्डावर मेमरी होती ४ किलोबाइट. हिशोब बरोबर जमवलेला होता.

अक्षरांचे आकार मात्र कार्डाच्या चिपमध्ये कायमचे कोरलेले होते. असे २५६ आकार. त्यात देवनागरी नव्हती, तमिळ नव्हती, थाई नव्हती. तुम्ही कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, जो आकार चिपमध्ये नाही तो पडद्यावर येणार नाही.

दुसरं कार्ड सीजीए. यावर चित्र काढता यायचं, पण ६४० बाय २०० पिक्सेलमध्ये आणि तेही दोनच रंगांत. रंग वाढवले तर ३२० बाय २००. अक्षराला जागा मिळायची ८ बाय ८ पिक्सेलची. इंग्रजी ए त्यात बसतो. आता आपला 'र्द्रं' त्यात बसवून बघा. वर रफार आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषा, खाली जोडाक्षराची शेपटी. आठ ओळींत हे मावत नाही.

म्हणजे निवड अशी होती: अक्षरं सुबक हवीत तर ती इंग्रजीच असतील, आणि स्वतःच्या लिपीची हवीत तर ती ओबडधोबड असतील.

थाई प्रबंधातून आलेलं कार्ड

ही निवड ज्याला मान्य नव्हती असा एक माणूस होता, व्हॅन सुवान्नुकुल. मूळचा थायलंडचा, अमेरिकेत इंजिनियर. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत संगणकावर लिहायचा होता. थाई लिपीतही आपल्यासारख्याच वर-खाली खुणा असतात. एमडीएला थाई येत नव्हती आणि सीजीएवर थाई वाचता येत नव्हती. मग त्याने स्वतःच कार्ड तयार केलं आणि १९८२ साली ते विकायला काढलं. नाव हर्क्युलिस, किंमत ४९९ डॉलर.

त्याने काय केलं बघा. एमडीएचा जो सुबक, एकरंगी मॉनिटर होता तोच वापरला, पण त्यावरचा प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे उजळता येईल अशी सोय केली. ७२० बाय ३४८ पिक्सेल. सीजीएच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी मेमरी लागली ६४ किलोबाइट, एमडीएच्या सोळापट. पुढे हे कार्ड जगभर खपलं, कारण आकडेमोडीच्या तक्त्यांचे आलेख आणि अक्षरं दोन्ही एकाच पडद्यावर नीट दिसायला लागली.

मंडळी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आपल्याला खेळ आठवतात. पण पीसीसाठी जास्त पिक्सेलचं, नाव कमावलेलं एक सुरुवातीचं कार्ड आलं ते एका माणसाला स्वतःच्या लिपीत वाचायचं आणि लिहायचं होतं म्हणून.

आपल्याकडेही याच दशकात याच अडचणीवर काम चाललं होतं. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या पडद्यावर दाखवण्याचं तंत्र तयार होत होतं. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि हे काम तिथे पुढे गेलं. त्यातून 'जिस्ट' कार्ड आलं. हे कार्ड संगणकाच्या आत बसवायचं. मग डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली अक्षरं उमटायची. जोडाक्षर कसं जुळवायचं हे कार्डच बघायचं. सरकारी कचेऱ्यांमध्ये, छापखान्यांमध्ये ज्यांनी त्या काळात काम केलं त्यांना हे कार्ड नक्की आठवत असेल. आपल्या भाषेला पडद्यावर जागा मिळाली ती आधी एका कार्डाच्या जोरावर, हे विसरून चालणार नाही.

दोन कामं, आणि त्यातलं एक विसरलं गेलं

आता एक गोष्ट मनात पक्की करून पुढे जाऊ. ग्राफिक्स कार्ड दोन कामं करतं. एक, चित्र तयार करणं. दोन, तयार झालेलं चित्र केबलमधून मॉनिटरपर्यंत पोचवणं. स्वयंपाक आणि वाढप म्हणा हवं तर. दोन्ही कामं एकाच कार्डावर होतात, पण ती वेगळी आहेत.

१९८७ साली आयबीएमनेच व्हीजीए आणलं, ६४० बाय ४८० पिक्सेल. त्याचं ते निळं, पंधरा पिनांचं कनेक्टर आपण अगदी परवापरवापर्यंत वापरत होतो. त्यातून जाणारा संदेश ॲनालॉग होता. ॲनालॉगची गंमत अशी की त्याला ठाम मर्यादा नसते. जास्त पिक्सेल पाठवले तर चित्र बंद पडत नाही, हळूहळू पुसट होत जातं. त्यामुळे त्या काळात चांगलं कार्ड म्हणजे मोठ्या पडद्यावरही अक्षरं धारदार ठेवणारं कार्ड. कॅनडाच्या मॅट्रॉक्स कंपनीचं नाव त्यासाठीच घेतलं जायचं.

मग १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू आलं. हे कार्ड फक्त खेळांतली त्रिमितीय चित्रं तयार करायचं. रोजच्या कामाला दुसरं कार्ड लागायचंच, आणि त्याची केबल वूडूमधून जायची. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवला. तिथून पुढे कार्डाच्या खोक्यावर जे छापलं जातं ते पहिल्या कामाबद्दल, स्वयंपाकाबद्दल. कुठला खेळ किती वेगाने चालेल, मेमरी किती, पंखे किती. वाढप कसं होणार हे खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

केबलची भिंत

१९९९ मध्येच डीव्हीआय नावाची डिजिटल जोडणी आली. डिजिटल म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा पोचतो, पुसट होत नाही. पण इथे मर्यादा ठाम असते. एका जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १६ कोटी ५० लाख पिक्सेल जाऊ शकत. त्यापुढे भिंत.

हिशोब करू. १९२० बाय १२०० म्हणजे २३ लाख ४ हजार पिक्सेल. सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर १३ कोटी ८२ लाख. शिवाय दोन ओळींच्या मध्ये आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडा विसावा सोडावा लागतो. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये किरण परत सुरुवातीला जायला वेळ लागायचा, त्याची ही आठवण. तो धरूनही भिंतीच्या आत बसतं.

२००१ साली आयबीएमने टी-२२० हा मॉनिटर आणला. बावीस इंचांत ३८४० बाय २४०० पिक्सेल, इंचाला २०४. कागदावर छापल्यासारखी अक्षरं. एवढे पिक्सेल एका केबलला झेपणं शक्यच नव्हतं. म्हणून पडदा चार उभ्या पट्ट्यांत वाटून चार जोडण्या लावाव्या लागत. सोबत चार बाहेर पडण्याच्या वाटा असलेलं मॅट्रॉक्सचं कार्ड यायचं. इतकं करूनही चित्र सेकंदाला ४१ वेळाच बदलायचं. ते कार्ड खेळांसाठी अजिबात दमदार नव्हतं. पण त्याला चार दारं होती आणि इथे तेवढंच महत्त्वाचं होतं.

२००४ च्या जूनमध्ये ॲपलने तीस इंची मॉनिटर जाहीर केला. २५६० बाय १६००, किंमत ३२९९ डॉलर. सेकंदाला २४ कोटी ५७ लाख पिक्सेल, म्हणजे पुन्हा भिंतीच्या पलीकडे. त्यावर तोडगा म्हणजे ड्युअल-लिंक डीव्हीआय, एकाच केबलमध्ये दोन वाहिन्या. त्यासाठी जीफोर्स ६८०० अल्ट्रा डीडीएल हे खास कार्ड घ्यावं लागायचं, आणखी ५९९ डॉलरचं. नंतर इतर कंपन्यांचेही तीस इंची मॉनिटर आले आणि मग जगभर एक फजिती होऊ लागली. लोक साधी, एका वाहिनीची केबल किंवा कार्ड वापरायचे आणि तीस इंची पडद्यावर १२८० बाय ८०० चं भलंमोठं, जाडंभरडं चित्र बघत बसायचे. मॉनिटर निर्दोष, कार्डही चालू, फक्त मधली वाट अरुंद.

फोर-केच्या सुरुवातीची वर्षं

माझी फजिती याच रांगेतली. २०१५ साली दोन जोडण्या चलनात होत्या, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. दोन्हींच्या पिढ्या असतात, आणि बाहेरून सगळ्या पिढ्यांचं भोक सारखंच दिसतं. खरी गोम तिथेच आहे.

फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, फुल एचडीच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० वेळा म्हणजे सुमारे ४९ कोटी ७७ लाख. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला २४ बिट. गुणाकार केला की सुमारे १२ गिगाबिट, विसावा वेगळा. आता वाटा बघा. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ मधून १०.२ गिगाबिट जातात, पण दर १० बिटांमागे कामाचे ८ च, म्हणजे हाती सुमारे ८. हे पुरत नाही. म्हणून तिथे फोर-के ३० वेळाच दिसतं. २०१३ सालच्या एचडीएमआय २.० मध्ये हाती १४.४ गिगाबिट, त्यात बसतं. आणि २०१० सालीच आलेल्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७.२८ गिगाबिट, त्यात तर आरामात बसतं.

मग माझ्या पडद्यावर ६० निवडल्यावर अक्षरं धुरकट का झाली? कारण अरुंद वाटेतून ६० वेळा पाठवण्यासाठी काही कार्डं एक युक्ती करत. उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा पाठवायचा, पण रंग मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. सिनेमा बघताना हे कळतही नाही. पण पांढऱ्या पानावर लाल खूण केली की तिचा रंग शेजारी सांडतो.

तोपर्यंतचे फोर-के मॉनिटरही धड नव्हते. २०१३ सालचे काही बत्तीस इंची मॉनिटर आतून दोन अर्धे पडदे होते. संगणकाला ते १९२० बाय २१६० चे दोन मॉनिटर वाटायचे आणि कधी कधी सकाळी एकच अर्धा उजळायचा. कार्डांचीही तीच कथा. २०१५ सालचं एएमडीचं फ्युरी एक्स हे फोर-के खेळांसाठी म्हणून गाजलेलं, ताकदवान कार्ड. पण त्यावर एचडीएमआय २.० नव्हतं. फोर-के टीव्ही जोडायला गेलं तर पुन्हा ३० हर्ट्झ. उलट २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जीफोर्स ९७० आणि ९८० वर ते होतं. २०२२ साली तेच उलट्या बाजूने झालं. जीफोर्स ४०९० हे त्या वेळचं सर्वात ताकदवान कार्ड, ४५० वॅट वीज खाणारं, पण डिस्प्लेपोर्ट जुन्याच १.४ पिढीचा, आणि त्याच वर्षी आलेल्या एएमडीच्या कार्डांवर २.१ चा.

म्हणजे स्वयंपाकाची ताकद आणि वाढपाची ताकद एकत्र वाढत नाहीत. हाच या चाळीस वर्षांच्या इतिहासाचा धडा.

माझं काय झालं? बहिणीचा मुलगा सुट्टीत आला होता. त्याने संगणकाच्या मागे डोकं घातलं आणि विचारलं, "मामा, मॉनिटरच्या खोक्यात दुसरी केबल नव्हती का?" होती. डिस्प्लेपोर्टची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. ती लावली, मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.२ चालू केलं, आणि संपलं. ६० हर्ट्झ, अक्षरं स्वच्छ. माझ्या कामाला ते दोन पंख्यांचं कार्ड लागतच नव्हतं. डिस्प्लेपोर्ट असलेलं साधं कार्डही पुरलं असतं. दुकानदार खोटं बोलले नव्हते. त्यांनी स्वयंपाकाचा विचार केला आणि अडचण वाढपाची होती.

मग कार्ड कसं निवडायचं?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या क्रमाने जा.

पहिलं, काम कुठलं ते ठरवा. वाचन, लेखन, अक्षरजुळणी, हिशोब, सिनेमा यासाठी स्वयंपाक फार लागत नाही. फोर-केचं एक पूर्ण चित्र साठवायला लागते फक्त ३२ मेगाबाइटच्या आसपास मेमरी. आजच्या प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्सही ते सहज करतं. म्हणून वेगळं कार्ड लागतं की नाही हे आधी बघा.

दुसरं, पिक्सेल गुणिले हर्ट्झ हा गुणाकार स्वतः करा. फोर-के ६० ला सुमारे १२ गिगाबिट. फोर-के १२० ला सुमारे २४. सत्तावीस इंची फाइव्ह-के, म्हणजे ५१२० बाय २८८०, ६० हर्ट्झला सुमारे २१. यात विसाव्याचे थोडे वाढवा.

तिसरं, वाट तपासा. फोर-के ६० ला डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० हवं. फोर-के १२० ला डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१. आणि हे कार्ड, केबल, मॉनिटर या तिन्ही ठिकाणी हवं. तिघांत जो सर्वात जुना, तो सगळ्यांचा वेग ठरवतो. जुना ऑफिसचा संगणक असेल तर विशेष जपा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एचडीएमआय २.० थेट मिळालं ते २०२१ च्या अकराव्या पिढीत. त्याआधीच्या मदरबोर्डवर वेगळी चिप बसवलेली नसेल तर एचडीएमआयमधून फोर-के ३० च मिळतं. पण त्याच मदरबोर्डवर डिस्प्लेपोर्ट असेल तर काम फुकटात होऊ शकतं.

चौथं, कार्ड बसवल्यावर केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या जुन्या जागी नाही. हसू नका, ही चूक खूप जण करतात.

पाचवं, खेळ, व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय काम असेल तरच ताकदीकडे या. फुल एचडीत नीट चालणारा खेळ फोर-केत चालवायचा तर प्रत्येक चित्रासाठी चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. तिथे ताकदवान कार्ड आणि भरपूर मेमरी यांना पर्याय नाही. २०१८ नंतर आलेल्या कार्डांत लहान चित्र रंगवून ते हुशारीने मोठं करण्याची सोय आली, त्याने ओझं कमी होतं. पण वाचायच्या मजकुरासाठी तिचा काही उपयोग नाही. आणि मोठं कार्ड घेताना संगणकाचा वीजपुरवठा आणि डब्यातली जागा मोजून घ्या.

शेवटचं, मॉनिटरचा आकार. चोवीस इंची फुल एचडीत इंचाला ९२ पिक्सेल, बत्तीस इंची फोर-केत १३८. बारा पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. पहिल्यात त्याला उंचीला १५ पिक्सेल मिळतात, दुसऱ्यात २३. शिरोरेषा, मात्रा, रफार, उकार, अनुस्वार सगळ्यांनी त्यातच वाटून घ्यायचं. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक सुखाचा आहे. आपल्याला तो शुद्ध-अशुद्धाचा आहे.

ती प्रत

नानांच्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे, त्यांनीच दिलेली. २०१६ साली मी तीच फाइल नव्या पडद्यावर उघडली. दोन पानं समोरासमोर, पूर्ण आकारात. 'मदाकिनी' हा शब्द लगेच डोळ्यांत खुपला. मी ठिपका टाकला, पुढची सगळी पानं पुन्हा वाचली आणि आणखी सात ठिकाणी गळलेले अनुस्वार सापडले. त्या सात जागा नानांच्याही नजरेतून सुटल्या होत्या, किंवा त्यांनी मला सांगितल्या नाहीत.

दुरुस्त फाइल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "नाना, नातवंडांसाठी पन्नास प्रती काढू या, छपाई माझी." या वेळी ते हो म्हणाले. नव्या प्रतीचं पहिलं पान उघडून त्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं, मग हसले आणि परत ठेवलं.

तेव्हा मंडळी, कार्ड घ्यायला जाल तेव्हा खोक्याच्या पुढच्या बाजूचे पंखे बघण्याआधी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. तुमच्या मॉनिटरचा गुणाकार कागदावर लिहून न्या. काही अडलं तर प्रश्न पाठवा, सोबत मॉनिटरचा आकार, पिक्सेल आणि संगणकामागच्या भोकांचा फोटो जोडा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.